मुक्कामतळ क्रमांक पाच

"हे बरं दिसतंय, की हे?"

नवऱ्याने दोन्ही हातांत एकेक फोटो धरला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत हाच प्रश्न विचारायची त्याला इतकी सवय जडली होती की घरात पडदा निवडायचा असो की पंखा, तो याच सुरात विचारत असे. आत्ता त्याच्या डाव्या हातात एक तळं होतं आणि उजव्या हातात दुसरं. दोन्ही निळी, दोन्हींच्या मागे जंगलाने भरलेले डोंगर, दोन्हींच्या काठावर झाडांमध्ये चार-पाच तंबू.

ती फोटोंकडे टक लावून बघत होती, पण तळं काही तिला दिसत नव्हतं. तिला दिसत होती पाण्याकडे उतरणारी लाकडी पायरी, आणि त्या पायरीला नसलेला कठडा.

"डावीकडचं नको," ती म्हणाली. "उजवीकडचंही नको."

यात नवल असं काही नव्हतं. ती घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होती. मिक्सर, इस्त्री, हीटर यांच्या खोक्यात तळाशी जी घडी घातलेली, कोणीही न वाचलेली सूचनापत्रिका असते, ती लिहिणं हे तिचं काम. 'कपडे अंगात असताना त्यांना इस्त्री करू नये' हे वाक्य तिचं. 'पंखा बंद आहे की नाही, हे बोट घालून पाहू नये' हेही तिचंच, आणि त्याबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. माणूस स्वतःला कुठे, कसा आणि किती अक्कल गहाण टाकून इजा करून घेऊ शकतो, याचा तिने नऊ वर्षं अभ्यास केला होता. हा गुण संध्याकाळी साडेपाचला ऑफिसात ठेवून घरी कसं यायचं, एवढंच तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तळ्याची टूम मात्र तिचीच होती. तिला सहा वर्षांची एक मुलगी होती. खाली बघत, एका रेषेत, कडेकडेने चालायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. मुंगी हुशार आहे, गुणी आहे, असं बराच वेळ बोलून झाल्यावर बाईंनी मुद्द्याला हात घातला. शाळेत नवी घसरगुंडी आणली होती. मुंगीने शिडीपाशी उभं राहून विचारलं, ही कोणी तपासलीय? कोणालाच ते सांगता येईना. तेव्हापासून वर्गातलं एकही मूल शिडी चढत नव्हतं, आणि घसरगुंडी नव्या नवरीसारखी कोपऱ्यात नुसती उभी होती.

एवढ्यावर निभावलं असतं. पण बाईंनी मग 'माझं कुटुंब' हे चित्र पुढे सरकवलं. चित्रात बाबा होता, आजी होती, मध्ये मुंगी होती. आणि कागदाच्या कडेतून आत आलेला एक भलामोठा हात मुंगीचं कोपर धरून होता.

"यात आई कुठंय, असं मी विचारलं तिला," बाई म्हणाल्या. "तर म्हणाली, हा काय हात. आई मागे असते."

त्या रात्री जेवताना आईने जाहीर केलं की सुट्टीत आपण डोंगरातल्या जंगलात जायचं, तळ्याकाठी तंबूत राहायचं, आणि मुंगी एकटी चालत जाऊन पाण्यात पाय घालेल. कोणी तिचं कोपर धरणार नाही. आपली मुलगी आपल्यासारखी होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

नवऱ्याच्या आईला घरात सगळेच आजी म्हणत. आजी दोन घास शांतपणे जेवल्या आणि म्हणाल्या, "तू जाशील गं. पण तू निवडेपर्यंत तळं तिथं राहायला हवं."

आजींच्या जिभेवर तीळ होता की काय कोण जाणे.

त्या डोंगराळ भागात वनखात्याचे तळ्याकाठचे पाच मुक्कामतळ होते. एक ते पाच असे त्यांना क्रमांक होते आणि नावं द्यायच्या भानगडीत खातं पडलं नव्हतं. जागा राखायची तर वनखात्याच्या कचेरीत फोन करावा लागे. तो फोन एक कारकून उचलत. आवाजावरून ते वयस्कर, सभ्य आणि कशाचीही घाई नसलेले वाटत. तिने त्यांना क्रमांक एकच्या पायरीला कठडा आहे का, एवढंच विचारलं.

"तोंडी शंका चालत नाही," कारकून म्हणाले. "लेखी द्या. सहीसकट, टपालाने. आवक क्रमांक पडला पाहिजे."

"अहो, पण कठडा आहे की नाही, एवढंच सांगा ना."

"ते मला माहीत आहे हो. पण मी सांगितलं तर ती माझी माहिती झाली. तुम्ही लिहिलंत की ती खात्याची माहिती होते."

हे तिला पटलं. कोणालाही पटलं नसतं, पण तिला पटलं. लेखी गोष्टींवर तिचा पहिल्यापासून विश्वास होता. तिने कागद घेतला. आणि एकदा कागद घेतल्यावर नुसत्या कठड्यासाठी टपाल कशाला खर्ची घालायचं, म्हणून तिने स्वच्छ, वळणदार अक्षरात सोळा प्रश्न लिहिले. कठडा आहे का? नसल्यास लोक कशाला टेकतात? तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकू नये म्हणून काय व्यवस्था आहे? लहान मुलांनी पाण्यापासून किमान किती पावलं दूर राहावं? चाळीस पुरेशी आहेत का?

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या शंकेची नोंद घेण्यात आली आहे. पाहणी होईपर्यंत मुक्कामतळ क्रमांक एक बंद ठेवण्यात येत आहे. आणखी काही शंका असल्यास लेखी कळवाव्यात.'

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? काहीतरी असणारच तिथे."

तिने कारकुनांना फोन केला, आभार मानायला. बोलता बोलता त्यांनी सगळा मामला उलगडून सांगितला. पूर्वी म्हणे कोण्या मोठ्या माणसाच्या पत्राला उत्तर जायला उशीर झाला होता आणि वरून खरडपट्टी निघाली होती. तेव्हापासून नियम झाला: लेखी शंका ज्या गोष्टीबद्दल असेल, ती गोष्ट जागेवरच्या माणसाने शंका हातात पडताक्षणी बंद करायची. पाहणी नंतर. पाहणी करणारे अधिकारी एकच होते, आणि त्यांची कंबर धरली होती.

"मग पाहणी कधी होणार?" तिने विचारलं.

"कंबर सुटली की," कारकून म्हणाले.

क्रमांक दोनच्या फोटोत एक जुनं झाड तंबूंकडे जरा झुकलेलं दिसत होतं. किती वर्षांपासून झुकलंय, एवढंच तिला विचारायचं होतं. लिहिता लिहिता त्याचे बारा प्रश्न झाले. क्रमांक दोन बंद झाला. आता नवरा काळजीत पडला. त्याने तिला शपथ घातली की तिसऱ्या तळाला एकच प्रश्न विचारायचा, तोही साधा, बोचकारे न काढणारा. तिने दोन दिवस विचार केला आणि लिहिलं: 'तिथे सगळं ठीक आहे ना?'

उत्तर या वेळी चारच दिवसांत आलं. 'शंकेत नेमकी बाब नमूद नसल्याने सर्व बाबी शंकास्पद धरून मुक्कामतळ क्रमांक तीन बंद ठेवण्यात येत आहे.'

"तुझ्या हातात पेन म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," आजी म्हणाल्या.

तेव्हा सूत्रं नवऱ्याने आपल्या हाती घेतली. त्याचा हिशेब सरळ होता. शंकेने तळ बंद होतात ना? मग आपण शंका घ्यायचीच नाही. स्तुती करायची. त्याने क्रमांक चारला एक गोड पत्र लिहिलं, की आपला मुक्कामतळ अत्यंत सुरक्षित असल्याचं ऐकलं, फार आनंद झाला, आम्ही येतोय. खात्याने उलट टपाली विचारलं की तळ सुरक्षित असल्याचं आपण कोणत्या आधारे म्हणता. खात्याकडे तशी नोंद नाही. आधार तपासेपर्यंत क्रमांक चार बंद.

दोन दिवस नवरा दुकानात कोणाला 'हे बरं की हे' असंही विचारेना.

या प्रकाराची झळ आपल्या चौघांपुरतीच आहे, असं तिला वाटत होतं. सोमवारी ऑफिसात साहेब लालबुंद होऊन आले. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी क्रमांक दोनला जागा राखली होती. मुलांना शब्द दिला होता, तंबू विकत घेऊन दिवाणखान्यात लावून पाहिला होता, आणि आता कुणा एका बाईच्या पत्रापायी सगळं मुसळ केरात. साहेबांनी त्या बाईचा उद्धार केला. बाकीच्यांनी त्यात आपापली भर घातली. तिने हीटरची पत्रिका समोर ओढली आणि 'ओल्या हाताने' हे दोन शब्द तासभर तपासले.

राहता राहिला क्रमांक पाच. सगळ्यांत लांबचा, सगळ्यांत उंचावरचा, चहूबाजूंनी नुसतं रान. या वेळी आजींनी घरातली झाडून सगळी पेनं गोळा केली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. मुंगीच्या दप्तरातली पेन्सिलसुद्धा सुटली नाही. मग कचेरीत फोनही त्यांनी स्वतःच केला. माणसं किती, चार. दिवस किती, दोन. काही शंका? आजींनी सुनेकडे बघितलं. सून ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकून उभी होती.

"नाही," आजी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ठरल्या दिवशी ते पहाटेच निघाले. पाच तासांचा वळणावळणांचा रस्ता. शेवटचा तासभर तर नुसती झाडं, दरी, आणि फोनला रेंजचा पत्ता नाही. दर वळणाला तिचा पाय गाडीत नसलेला ब्रेक दाबत होता. मुंगी मागच्या सीटवर आजीला समजावून सांगत होती की तळं म्हणजे मोठी बादली नसते, कारण बादलीचा तळ दिसतो. तिने नवे रबरी बूट मांडीवर धरले होते. पाण्यात जाताना ते काढायचे, असं आईनेच सांगितलं होतं, आणि ते तिने आईकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

"मी एकटी जाणार ना?"

"एकटी."

"तू कुठे असशील?"

"मी मागे बसून असेन. लांब."

मुंगीने हे ऐकून घेतलं. मग बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि आईला वाटलं, सगळं जमून येतंय.

शेवटचं वळण संपलं आणि क्रमांक पाच समोर आला. फोटोत तिथे पाच तंबू होते. आता चाळीसेक होते. बाकीचे चारही तळ बंद म्हटल्यावर त्या भागात आलेला प्रत्येक माणूस इथेच आला होता. तंबूंच्या दोऱ्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की एकाने खुंटी उपटली तर तिसऱ्याचं छप्पर खाली यावं. आणि विलक्षण गोष्ट अशी की ही सगळी माणसं, पोरंटोरं धरून, एका लांबलचक दोरीच्या अलीकडे ओळीने बसून तळ्याकडे बघत होती. तळं समोर होतं, उन्हात चकाकत होतं, आणि पाण्यात एक माणूस नव्हता. सिनेमा बघावा तसं सगळे तळं बघत होते.

दोरीच्या मधोमध पत्र्याचा मोठा फलक उभा होता. फलक दिसला की ती वाचल्याशिवाय राहत नसे. पहिली ओळ होती: 'या फलकावरील नियम फलक चालू असेपर्यंत बंधनकारक आहेत, नियम मोडणाऱ्याचा तंबू उचलण्यात येईल.' त्याखाली एकोणतीस नियम. 'कठडा नसल्यास कशालाही टेकू नये.' 'झाडाखाली उभं राहून वर बघू नये; वर बघायचं असल्यास झाडाखाली उभं राहू नये.' लिहिणारा जाणकार आहे, असं तिच्या मनात आलं. कुठेही पळवाट ठेवलेली नाही. अर्धविराम तर काय जागच्या जागी.

मग तिने तो नियम पुन्हा वाचला. अर्धविराम तिचे होते.

सतरावा नियम असा होता: 'लहान मुलांनी व त्यांच्यासोबतच्या मोठ्यांनी पाण्यापासून किमान चाळीस पावलं दूर राहावं.'

"कोणी लिहिलंय हे?" मागून आवाज आला. साहेब होते, हातात दुर्बीण, पायांत नव्या चपला, बरोबर दोन रडवेली पोरं. क्रमांक दोन बंद झाल्यावर त्यांनीही इथेच जागा मिळवली होती. "पोरांना घेऊन पाच तास आलो आणि तळं दुर्बिणीतून दाखवतोय. ती पत्रवाली बाई भेटू दे मला एकदा." मग त्यांनी फलकाकडे जरा निरखून पाहिलं. "पण भाषा बघा. असा माणूस आपल्याकडे हवा होता."

तिने मान डोलावली आणि नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

खरा घाव अजून बसायचा होता. मुंगी दोरीपाशी गेली होती. ती एकेक अक्षर लावत सतराव्या नियमापर्यंत पोचली, मग दोरीपासून पाण्यापर्यंतचं अंतर तिने डोळ्यांनी मोजलं, आणि तिचा चेहरा इतका निवांत झाला की आईने तो तसा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ती खाली बसली आणि तिने रबरी बूट पायांत चढवले.

"बरं झालं आई, बोर्डच लावलाय," ती म्हणाली. "आता जायलाच नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईने हात काढून घ्यायचा म्हणून पाच तास प्रवास केला होता, आणि तिच्या आधीच तिचा हात इथे येऊन, पत्र्यावर रंगून, चाळीस पोरांची कोपरं धरून उभा होता.

ती तडक वनरक्षकाकडे गेली. निवृत्तीला आलेला, उन्हाने रापलेला माणूस होता तो. गळ्यात शिट्टी, आणि ती वाजवायचा कंटाळा आल्यासारखा चेहरा. तिने त्याला सांगितलं की काठाशी पाणी घोटाभर आहे, खाली वाळू आहे, हे इथूनसुद्धा दिसतंय. पोरांना एवढं अडवण्यात काय अर्थ आहे?

"तीस वर्षं मी इथं आहे, बाई," तो म्हणाला. "पोर सोडा, या पाण्यात कधी बेडूक बुडालेला नाही. पण एक पत्र आलं. मग दुसरं आलं. चार तळ बंद झाले. वरचे साहेब म्हणाले, पाचव्याबद्दल पत्र यायच्या आत त्या पत्रवाल्या बाईच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं टांगून ठेवा. ठेवली टांगून. आता हे काढायचं तर वरून हुकूम पाहिजे."

"आणि हुकूम कधी येईल?"

"साहेबांची कंबर..." त्याने सुरुवात केली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती परत आली. सगळ्या माणसांकडे, दोरीकडे, फलकाकडे तिने एकदा बघितलं. फलक सरकारी घाईत उभा केलेला होता. डाव्या खांबाचा खिळा दोन बोटं बाहेर आलेला, नेमका सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पत्र्याची खालची कड न घासलेली. उजवा खांब एका बाजूला कलता. असलं काही दिसलं की गेली नऊ वर्षं तिच्या पाठीत कळ उठायची. आज पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"मला पेन हवंय," ती म्हणाली.

नवरा ताडकन उठून उभा राहिला. "अजिबात नाही. अगं, हा शेवटचा आहे. तू एक ओळ लिहिलीस आणि हा तळही बंद झाला, तर ही सगळी माणसं इथून तंबू गुंडाळून निघतील. मग साहेबांना पत्रवाली बाई शोधायला लांब जावं लागणार नाही."

"तळाबद्दल लिहिणार नाही मी. फक्त फलकाबद्दल."

"तिसऱ्या वेळी पण एकच वाक्य होतं."

भोंगळ वाक्य लिहिलं की सगळं बंद होतं, हे तीच शिकली होती. दोघांच्या मध्ये आजी खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. बघता बघता त्यांची नजर नातीकडे गेली. मुंगी दोरीच्या अलीकडे, दोरीला पाय लागू नये इतकं अंतर सोडून, बूट घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. दंतवैद्याकडे नंबर लावून बसतात तशी.

आजींनी पर्स उघडली, पेनं चाळली, आणि एक काढून सुनेपुढे धरलं.

"घे. पण जपून लिही. मिक्सर नाहीये हा."

तिने आयुष्यात बऱ्याच सूचना लिहिल्या होत्या, पण एका कागदासाठी इतका वेळ कधी घेतला नव्हता. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने पहिली ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. नवरा खांद्यावरून वाचत होता आणि कधी नव्हे ते उपयोगी पडत होता. "हे बरं, की हे?" ती विचारत होती. 'फलकाजवळ' लिहू नकोस, जवळ म्हणजे कुठपर्यंत, तो म्हणाला. तिने 'फलकाच्या' केलं. शेवटी कागदावर चारच ओळी उरल्या. फलकाच्या डाव्या खांबाच्या खिळ्याविषयी, पत्र्याच्या खालच्या कडेविषयी व उजव्या खांबाच्या कलण्याविषयी शंका आहे. ही शंका केवळ फलकापुरती आहे. मुक्कामतळ, तळं, काठ, झाडं, माणसं व इतर कोणत्याही बाबीविषयी शंका नाही. असल्यास ती शंका नाही. खाली सही.

वनरक्षकाने कागद हातात घेतला. पहिल्याच ओळीवर तो थांबला. मग त्याने चष्मा पुसून पुन्हा घातला, आणि मजकुराऐवजी नुसतं अक्षर बघत राहिला.

"तुम्हीच का त्या," तो हळूच म्हणाला.

तिने मान खाली घातली. मागे दहा पावलांवर साहेब दुर्बीण डोळ्यांना लावून उभे होते. वनरक्षकाने एकवार त्यांच्याकडे बघितलं, एकवार तिच्याकडे.

"कचेरीत वाचायला दिली होती मला तुमची पत्रं," तो म्हणाला. "छान लिहिता. मी तीस वर्षं इथं एकटा झोपतोय. ती पत्रं वाचल्यावर दोन दिवस मला झोप आली नाही."

मग तो सावकाश शेवटच्या ओळीपर्यंत गेला. 'असल्यास ती शंका नाही' पाशी त्याच्या मिशा हलल्या. त्याने खिशातून शिक्का काढला, त्यावर हाः केलं, आणि कागदावर आवक क्रमांक टाकला.

"लेखी शंका हातात पडली," तो म्हणाला. "आता ती बाब बंद करणं मला भाग आहे."

तो आपल्या खोलीत गेला आणि एक जुनी ताडपत्री घेऊन आला. फलकावर ती टाकून त्याने खालून सुतळीने गच्च बांधली. मग शिट्टी वाजवली. सगळ्या ओळीने माना वळवल्या.

"फलक पाहणी होईपर्यंत बंद," त्याने जाहीर केलं, आणि खाली वाकून दोरी सोडली.

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग साहेबांच्या धाकट्याला उमगलं. तो सुटला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग धरण फुटावं तशी पोरं पाण्याकडे धावली. त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, आणि आईबापांमागे साहेब, दुर्बीण गळ्यात हेलकावत.

दोरी होती तिथे एकटी मुंगी बसून राहिली. तिचा चेहरा गोंधळला होता.

"आई, आता नियम कुठला?"

"आता नियम नाही."

"मग कोणी सांगायचं, जायचं की नाही?"

आईच्या ओठांवर सोळा उत्तरं आली, अनुक्रमांकासह. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशांत खुपसले. आतल्या आत मुठी वळल्या, कारण उजव्या हाताला मुंगीचं कोपर कुठे आहे हे न बघता कळत होतं. "तू ठरव," ती म्हणाली. एवढी लहान सूचना तिने आजवर लिहिली नव्हती.

मुंगीने बूट काढले. ते एकमेकांना चिकटवून, टाचा एका रेषेत येतील असे ठेवले. मग ती निघाली. मोठ्याने मोजत, एकेक पाऊल नीट टेकवत, खाली बघत. चाळीसवर ती थांबली. पाणी अजून बरंच पुढे होतं.

"चुकलंय," ती मागे न बघता म्हणाली. "माझी जास्त आहेत." आणि पुढे मोजायला लागली.

त्रेसष्टाव्या पावलाला पाणी लागलं. ती दचकली. एक पाय वर उचलून करकोच्यासारखी उभी राहिली, आणि मग तो पाय पुन्हा खाली ठेवला. शेजारी साहेबांची पोरं पाणी उडवत होती. थोडं तिच्यावर आलं. तिने ते फ्रॉकने पुसलं आणि मग थोडं परत उडवलं, अगदी बेताने, उसनं फेडल्यासारखं.

मग ती वळली. तक्रारीचा चेहरा होता.

"आई, पाणी गार आहे. कोणाला सांगायचं?"

"कोणालाही सांगू नकोस."

"का?"

"बंद होईल."

मुंगीला हे कारण पटलं. ती पुन्हा पाण्याकडे वळणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तू बुटांसकट आलीस."

आईने खाली पाहिलं. ती घोटाभर पाण्यात उभी होती. कातडी बूट, मोजे, सगळ्यासकट. हात अजून खिशांत होते. पावलं किती झाली, ते तिने मोजलं नव्हतं.